'मॅडम' नव्हे, 'साहेब' : जेन टेनिसनची पंधरा वर्षे

गुन्हेकथांच्या मालिका पाहणाऱ्यांना एक नायिका आता पुरती ओळखीची झाली आहे. ती पोलीस खात्यात तपास अधिकारी असते. झोप अपुरी, घर विस्कटलेले, नवरा सोडून गेलेला किंवा जाण्याच्या बेतात, ओट्यावर कालची भांडी आणि कपाटात दारूची बाटली. भूतकाळात एखादा घाव असतो आणि तो चौथ्या-पाचव्या भागात उलगडतो. कोपनहेगन, यॉर्कशायर, दिल्ली, राजस्थान अशा अनेक ठिकाणी ही बाई येऊन गेली. इतक्या वेळा आली की तिचे दुःख हे आता तिच्या गणवेशाचाच भाग वाटू लागले आहे. मात्र ही व्यक्तिरेखा प्रथम घडली तेव्हा तिच्यामागे कोणताही गूढ घाव नव्हता. तिला त्रास होता तो तिच्या नोकरीचा. त्यामुळे आज जिला आपण साचा म्हणतो, तिची मूळ प्रत एकदा नीट पाहून घेणे इष्ट ठरेल.

७ आणि ८ एप्रिल १९९१ रोजी ब्रिटनच्या 'आयटीव्ही' वाहिनीवर 'प्राइम सस्पेक्ट' ही दोन भागांची मालिका दाखवली गेली. निर्मिती ग्रॅनाडा टेलिव्हिजनची, लेखन लिंडा ला प्लांट यांचे, दिग्दर्शन ख्रिस्तोफर मेनॉल यांचे. डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर जेन टेनिसनच्या भूमिकेत हेलन मिरेन होत्या. लंडनच्या एका पोलीस स्थानकात टेनिसन या पदावर आहे, परंतु खुनाचा तपास तिच्या वाट्याला येऊ दिला जात नाही. पाळी तिची असली तरी प्रकरण दुसऱ्याच्या हाती जाते. एका तरुणीच्या खुनाचा तपास करणारा जॉन शेफर्ड हा लोकप्रिय अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने अचानक मरण पावतो, तेव्हा टेनिसन वरिष्ठांच्या कार्यालयात जाऊन ते प्रकरण मागून घेते. सहकाऱ्याची चिता विझण्यापूर्वीच ही बाई त्याच्या खुर्चीवर बसायला आली, अशी सगळ्या पथकाची भावना होते. शेफर्डचा जवळचा मित्र असलेला सार्जंट बिल ऑटली तर तिचे पाऊल ठिकाणी पडू नये याचीच काळजी घेऊ लागतो.

पथकातील माणसे तिला 'मॅम' म्हणतात, ते तिला आवडत नाही. आपण कोणी राणी नाही, आपल्याला 'गव्हर्नर' किंवा 'बॉस' म्हणावे, असे ती सांगते. लंडनच्या पोलिसांत तपासप्रमुखाला याच नावाने हाक मारतात. (पुढे २००६ साली मिरेन यांनी 'द क्वीन' या चित्रपटात दुसऱ्या एलिझाबेथ राणीची भूमिका करून ऑस्कर मिळवला, हा योगायोग मौजेचाच.) या लहानशा प्रसंगाचे मर्म मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडील पोलीस स्थानकात जाणारा माणूस 'साहेब आहेत का?' असे विचारतो. खुर्चीवर स्त्री असेल तर तोच प्रश्न 'मॅडम आहेत का?' असा होतो. 'साहेब' हा शब्द पदाला चिकटलेला असतो, माणूस बदलला तरी तो खुर्चीतच राहतो. 'मॅडम' म्हणताना मात्र बोलणाऱ्याचे लक्ष आधी बाईकडे जाते आणि पदाकडे मागाहून. टेनिसन मागत होती ती केवळ पहिल्या प्रकारची हाक. ती मिळवण्यासाठी तिला काय काय द्यावे लागले, याचा हिशेब म्हणजे ही मालिका.

हे चित्र कल्पनेतून आलेले नव्हते. ला प्लांट यांनी लेखनापूर्वी लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलातील जॅकी माल्टन यांची भेट घेतली. त्या दलात चीफ इन्स्पेक्टर पदावर पोहोचलेल्या स्त्रिया त्या वेळी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, माल्टन त्यांतल्या एक. बैठकीच्या खोलीत आपण शिरताच गप्पा कशा थांबतात, विनोद कोणत्या क्षणी टोमणा होतो, आदेश 'ऐकू आला नाही' असे कसे भासवले जाते, असा सगळा तपशील माल्टन यांच्या अनुभवातून मालिकेत आला. सहकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराविषयी वरिष्ठांना कळवल्याबद्दल खात्यातल्यांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागवले होते. आपल्या मद्यासक्तीविषयी आणि त्यातून बाहेर पडण्याविषयीही त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, त्याकडे परत यायचे आहे.

त्याच सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये एक खरा लढा चालू होता. मर्सीसाइड पोलीस दलातील ॲलिसन हॅलफर्ड या १९८३ पासून असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल होत्या. ब्रिटनच्या पोलिसांत इतक्या उंच पदावर त्यापूर्वी कोणी स्त्री गेली नव्हती. त्यानंतर मात्र बढती वारंवार नाकारली गेली, म्हणून १९९० मध्ये त्यांनी लिंगभेदाचा दावा दाखल केला. प्रत्युत्तरादाखल त्यांच्यावरच शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. १९९२ मध्ये तडजोड झाली. पण प्रकरण तिथे संपले नाही. त्यांच्या कार्यालयातील दूरध्वनी चोरून ऐकला जात होता, या तक्रारीवर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे 'प्राइम सस्पेक्ट' प्रथम दाखवली गेली तेव्हा हॅलफर्ड यांचा दावा प्रलंबित होता आणि ब्रिटनच्या कोणत्याही दलात स्त्री चीफ कॉन्स्टेबल नव्हती. लँकाशायरमध्ये पॉलिन क्लेअर यांच्या रूपाने ती आली १९९५ साली. कल्पित टेनिसनला पथकातील माणसे जे करतात, ते पाहताना ब्रिटिश प्रेक्षकाला अतिशयोक्ती वाटली नसेल, ती यामुळे.

आता कथेकडे येऊ. खून कोणी केला हे शोधण्यासाठी ही मालिका पाहायला बसणाऱ्याची थोडी निराशा होईल. जॉर्ज मार्लो हा संशयित सुरुवातीलाच पकडला गेला आहे आणि संशयाची सुई त्याच्यावरून फारशी हलत नाही. प्रश्न आहे तो सिद्ध करण्याचा. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यानुसार आरोप ठेवल्याविना संशयिताला सामान्यतः २४ तासच कोठडीत ठेवता येते. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकारी ही मुदत ३६ तासांपर्यंत वाढवू शकतो, त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि एकूण मर्यादा ९६ तासांची. मालिकेतील ताण येतो तो या घड्याळातून. मार्लो सभ्य बोलतो, मृत मुलगी आपल्या गाडीत बसली होती हे नाकारत नाही, पुढचे आपल्याला ठाऊक नाही म्हणतो. त्याच्यासोबत राहणारी मॉयरा, तो त्या रात्री घरीच होता असे छातीठोकपणे सांगते. टेनिसनला त्याला सोडून द्यावे लागते आणि मग त्याच्यावर पाळत ठेवून एकेक धागा जुळवावा लागतो. मॉयराच्या भूमिकेतील झोई वॉनामेकर यांचा जबानीचा प्रसंग आजही पाहण्यासारखा आहे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. टेबलावर छायाचित्रे आहेत आणि समोर एक बाई आहे, जिची भिंत आतून ढासळते आहे.

तपास हाती घेतल्यावर टेनिसनच्या लक्षात येते की मृतदेहाची ओळखच चुकली आहे. तो डेला मॉर्ने या देहविक्रय करणाऱ्या स्त्रीचा आहे, असे शेफर्डच्या पथकाने धरून चालले होते. प्रत्यक्षात ती कॅरन हॉवर्ड नावाची दुसरीच तरुणी निघते. चूक सहज घडलेली नसते. शेफर्डचे डेलाशी संबंध होते आणि मित्राचे नाव झाकण्यासाठी ऑटली पुरावा दडवतो. पुढे उत्तर इंग्लंडमधील जुनी प्रकरणे काढून तपासली जातात, तेव्हा त्याच पद्धतीने मारल्या गेलेल्या आणखी स्त्रिया सापडतात. त्या खुनांचा एकमेकींशी संबंध आजवर कोणी जोडलाच नव्हता, कारण मेलेल्या स्त्रिया कोण होत्या हे ऐकल्यावर फाईल उघडी ठेवण्याची निकड कोणाला वाटली नव्हती.

माझ्या मते मालिकेचा खरा विषय येथे आहे. टेनिसनला खात्यात मिळणारी वागणूक आणि मेलेल्या स्त्रियांना त्याच खात्याकडून मिळालेली वागणूक, या दोन गोष्टी ला प्लांट यांनी वेगळ्या ठेवल्या नाहीत. जी नजर अधिकारी बाईला 'मॅम' म्हणून बाजूला सारते, तीच नजर शवागारातील बाईचे नाव विचारायला विसरते. टेनिसन अधिक हुशार आहे म्हणून तिला ही चूक दिसते, असे मालिका म्हणत नाही. ती त्या मित्रमंडळाच्या बाहेर उभी आहे, म्हणून तिला ती दिसते.

ब्रिटिश प्रेक्षकांना यामागचा इतिहास ठाऊक होता. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ याने वेस्ट यॉर्कशायर आणि मँचेस्टर परिसरात १३ स्त्रियांचे खून केले. या काळात पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडून दिले होते. तपासाच्या काळात मृत स्त्रियांची 'निरपराध' आणि 'तशा' अशी उघड विभागणी केली जात होती, आणि खटल्यात सरकारी पक्षाच्या तोंडूनही ती उमटली. त्या काळी वापरलेल्या भाषेबद्दल वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी क्षमा मागितली ती २०२० साली, चाळीस वर्षांनी.

गोव्याच्या वाचकाने हे परदेशातले म्हणून बाजूला ठेवू नये. शिरोड्याच्या महानंद नाईक याला २००९ मध्ये अटक झाली, तेव्हा त्याच्यावर सोळा तरुणींच्या खुनांचे आरोप ठेवले गेले. पहिला खून १९९४ मधला. लग्नाचे आमिष, अंगावर दागिने घालून भेटायला बोलावणे आणि ओढणीने गळा आवळणे ही एकच रीत पंधरा वर्षे चालली. काही खटल्यांत तो दोषी ठरला, अनेकांत पुराव्याअभावी सुटला. एवढ्या लहान राज्यात इतकी वर्षे या मुली एकमेकींशी जोडल्या गेल्या नाहीत. गरीब घरची, लग्नाचे वय उलटत चाललेली मुलगी नाहीशी झाली की ती कोणाबरोबर तरी निघून गेली असणार, हे उत्तर घरी, शेजारी आणि ठाण्यावर आधीच तयार असते. 'प्राइम सस्पेक्ट'मधील जुन्या फाईलींचा प्रसंग पाहताना मला आठवल्या त्या याच मुली.

टेनिसनच्या खासगी आयुष्याकडे मालिका फार वेळ पाहत नाही आणि तेच परिणामकारक ठरते. पीटर नावाच्या माणसाबरोबर ती राहते. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या पाहुण्यांना रात्री जेवायला बोलावलेले असते आणि तिला कामावरून निघायला उशीर होतो. पीटर दुष्ट नाही. तो थकलेला आहे आणि एके दिवशी निघून जातो. हाच उशीर, हीच विसरलेली जेवणे शेफर्डच्या वाट्याला आली असती तर त्याला कर्तव्यदक्ष म्हटले गेले असते, हे कोणीही बोलून दाखवत नाही. पथकात मात्र हळूहळू वारे फिरते. तिला हटवण्याचा विषय निघतो तेव्हा तीच माणसे तिच्या बाजूने उभी राहतात. हे मन:परिवर्तन भाषणाने होत नाही, तिचे काम पाहून होते, म्हणून ते पटते.

या भूमिकेसाठी मिरेन यांना १९९२, १९९३ आणि १९९४ अशी सलग तीन वर्षे बाफ्टा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या मालिकेत लंडनच्या कृष्णवर्णीय वस्तीत सापडलेला मृतदेह आणि पोलिसांचा वर्णद्वेष हा विषय होता. तिसरीत सोहो भागात शरीर विकणारी कोवळी मुले होती आणि पोलीस खात्याच्या वरच्या मजल्यावरून येणारा दबाव होता. तिच्या शेवटी टेनिसनला आपण गरोदर असल्याचे कळते आणि ती गर्भपाताचा निर्णय घेते. पार्श्वसंगीताचा कढ नाही, सल्ला द्यायला मैत्रीण नाही, एक दूरध्वनी आणि तिचा चेहरा एवढेच. १९९३ साली दूरचित्रवाणीच्या नायिकेबाबत असे दाखवणे सोपे नव्हते. पुढल्या मालिकांपैकी काही उण्या उतरल्या, १९९५ मधील तीन कथा तर सरस-निरस आहेत. त्यांतली एक मार्लोच्या प्रकरणाकडे परतते आणि आपण निरपराध माणसाला शिक्षा दिली की काय, हा संशय टेनिसनवर उलटवते. ती चुकवू नये.

टेनिसनच्या आधी स्त्री पोलीस पडद्यावर नव्हती असे नाही. ब्रिटनमध्ये १९८० सालीच 'द जेंटल टच' आणि 'ज्युलिएट ब्राव्हो' या मालिका सुरू झाल्या होत्या, अमेरिकेत 'कॅग्नी अँड लेसी' होती. आपल्याकडे तर १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'उडान' आली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंहची भूमिकाही केली. ती कथा त्यांच्या भगिनी कांचन चौधरी यांच्या आयुष्यावरून सुचलेली होती, ज्या २००४ मध्ये उत्तराखंडात देशातील पहिल्या स्त्री पोलीस महासंचालक झाल्या. मात्र 'उडान' ही गणवेशापर्यंत पोहोचण्याची गोष्ट होती. गणवेश चढल्यावर खात्याच्या आत काय होते, ही पुढची गोष्ट टेनिसनने सांगितली.

तिच्यानंतर आलेल्यांची यादी लांबलचक आहे. डेन्मार्कच्या 'फोरब्रुडेल्सेन'मधली (२००७) सारा लुंड लोकरीच्या जाड स्वेटरात वीस भाग एका मुलीचा खुनी शोधते आणि त्यात तिचा स्वीडनला जाण्याचा बेत, होणारा नवरा, मुलगा असे एकेक निसटत जाते. 'हॅपी व्हॅली'मधील सार्जंट कॅथरिन कॉवूड आत्महत्या केलेल्या मुलीचा मुलगा वाढवते आहे, आणि सॅली वेनराइट यांनी ती कथा त्याच वेस्ट यॉर्कशायरमध्ये घडवली आहे. या दोघी अस्सल आहेत. मात्र त्यांच्या मागून आलेल्या अनेकींच्या बाबतीत लेखकांनी एक सोयीस्कर बदल केला. त्रासाचे मूळ खात्यातून उचलून नायिकेच्या बालपणात किंवा तिच्या मेंदूत नेऊन ठेवले. खाते त्यातून मोकळे सुटते, बाई तेवढी विचित्र ठरते.

हिंदीत याला अपवाद ठरलेल्या दोन मालिका सांगता येतील. 'दिल्ली क्राइम' (२०१९) ही २०१२ च्या दिल्ली अत्याचार प्रकरणाच्या तपासावर आधारलेली. शेफाली शाह यांची वर्तिका चतुर्वेदी आतून हादरलेली आहे, पण ती हादरली आहे ती समोर आलेल्या गुन्ह्याने. या मालिकेला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. दुसरी रीमा कागती यांची 'दहाड' (२०२३). राजस्थानातील उपनिरीक्षक अंजली भाटी मागास जातीतली आहे, आडनाव वडिलांनी बदललेले. ती समोरून गेली की ठाण्यातला एक कर्मचारी उदबत्ती पेटवतो. एकही शब्द न बोलता तो हे रोज करतो. बेपत्ता झालेल्या मुलींकडे तिथेही कोणी वळून पाहिलेले नसते, कारण त्या 'पळून गेल्या' अशी नोंद झालेली आहे. टेनिसनची खरी वारसदार मला इथे दिसते.

'प्राइम सस्पेक्ट'चा सातवा आणि शेवटचा अध्याय 'द फायनल ॲक्ट' ऑक्टोबर २००६ मध्ये आला, फ्रँक डीझी यांनी लिहिलेला. टेनिसन निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, वडील मरणपंथाला लागले आहेत आणि ती दारूच्या आहारी गेली आहे. ला प्लांट यांनी तिसऱ्या मालिकेनंतर हे काम सोडले होते. आपल्या नायिकेची अशी अखेर केल्याबद्दल त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुरुषांच्या खात्यात टिकून दाखवलेल्या बाईला शेवटी दारुडी का ठरवायचे, हा त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. यशस्वी बाईला एकाकीपणाची शिक्षा देण्याची लेखकांना खोडच असते. तरीही मी येथे डीझी यांच्या बाजूने आहे. पहिल्या मालिकेपासून कामानंतरचा पेला तिच्या हातात होताच. पथकातील पुरुष पबमध्ये एकत्र बसून पीत आणि त्याला मैत्री म्हणत, ती घरी एकटी पीत होती. शिवाय जिच्या अनुभवावर ही व्यक्तिरेखा उभी राहिली, त्या माल्टन यांनीही याच वाटेवरून प्रवास केला होता. हा शेवट बाहेरून आणून चिकटवलेला नाही.

मद्यमुक्तीसाठी भरणाऱ्या सभेत टेनिसन जाते, तेव्हा तिथे तिला बिल ऑटली भेटतो. म्हातारा झालेला, खंगलेला. पंधरा वर्षांपूर्वी आपण जे केले त्याबद्दल तो तिची क्षमा मागतो. ऑटलीची भूमिका करणारे टॉम बेल हे मालिकेच्या प्रक्षेपणाला काही दिवस उरले असताना वारले. हे माहीत असो वा नसो, त्या दृश्यातला त्यांचा आवाज मनात राहतो. ज्या तरुणीच्या खुनाचा शोध लागतो तिची हकिकत इथे सांगत नाही, ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी ती राखून ठेवलेली बरी. तपास संपतो. पोलीस स्थानकात तिच्या निवृत्तीनिमित्त मेजवानी मांडलेली असते, सहकारी वाट पाहत असतात. टेनिसन आपले सामान घेते आणि आत न जाता रस्त्याला लागते.